ओळीचे नऊ दिवस आणि उरलेले वर्ष

चैत्र आणि आश्विन महिन्यांत नवपदाची ओळी आली की पुण्याच्या पेठांतील आयंबिलशाळांत सकाळपासून लगबग असते. पंगतीत भात, कडधान्य, ज्वारीची भाकरी, मूगडाळीचे पाणी असे साधे, उकडलेले अन्न वाढले जाते. त्यात तेल-तूप नसते, गूळ-साखर नसते, दूध-दही तर नसतेच. दिगंबर परंपरेतील रसपरित्यागाच्या व्रतातही दूध, दही आणि तूप हे पहिले तीन रस असतात. म्हणजे ज्या समाजाला ‘दुधाशिवाय कसे भागेल?’ हा प्रश्न पडतो, त्याच समाजातील हजारो माणसे वर्षातून दोन वेळा नऊ-नऊ दिवस दुधाशिवाय राहतात आणि त्या दिवसांत दुकानही सांभाळतात.

‘व्हीगन’ हा शब्द तरुण पिढीने घरात आणला तेव्हा अनेक वडीलधाऱ्यांना तो परदेशी वाटला. शब्द परदेशी आहेच. १९४४ साली इंग्लंडमधील डोनल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी तो रूढ केला. मांसाहार सोडूनही दूध-अंडी घेणाऱ्यांपासून आपले वेगळेपण सांगणारा शब्द त्यांना हवा होता. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे, आणि तिचा एक धागा थेट मुंबईच्या जव्हेरी बाजारातील एका जैन व्यापाऱ्यापर्यंत पोहोचतो.

ते व्यापारी म्हणजे श्रीमद् राजचंद्र. हिरे-मोत्यांच्या पेढीवर बसून आत्मचिंतन करणाऱ्या या सत्पुरुषाची आणि गांधीजींची भेट १८९१ साली झाली. दूध इंद्रियविकारांना चेतवते, हे आपण प्रथम रायचंदभाईंकडून ऐकले, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे कलकत्त्यातील गवळी गाई-म्हशींवर ‘फुका’ नावाचा अघोरी प्रयोग करून दुधाचा शेवटचा थेंबही काढतात, हे त्यांच्या वाचनात आले. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आणि कॅलनबाख यांनी दूध सोडले. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत आजारपणाने जर्जर झालेल्या गांधीजींना कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला. व्रत घेताना शेळी मनात नव्हती, एवढाच आधार! गांधीजींनी तो मार्ग स्वीकारला, पण व्रताचे अक्षर राखून आपण त्याचा आत्मा गमावला, ही टोचणी त्यांना कायम राहिली. फुका आज कायद्याने गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे.

या कथेचा पुढचा धागा पुण्याजवळ येतो. १९४६ साली गांधीजी उरुळी कांचनला राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. त्यांच्याबरोबर आलेले मणिभाई देसाई तेथेच स्थिरावले. १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली. गरीब शेतकऱ्याच्या दारात अधिक दूध देणारी गाय असावी, या हेतूने होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या रेतनातून संकरित गाई तयार करण्याचे काम तिने गावोगावी नेले. कोरडवाहू भागातील असंख्य घरांत त्यामुळे दोन पैसे आले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण गाईकडे पाहण्याची दृष्टी त्या काळात बदलली, हेही खरे. पूर्वी गाय बैलासाठी पाळली जाई आणि दूध ही वासराच्या तोंडून उरलेली जोड असे. आता दूध मुख्य झाले आणि वासरू जोड ठरले.

येथे हिशेब मांडणे उपयोगाचे आहे. व्यापारी वाचकाला तो चटकन उमगेल. जनावर व्यायल्याशिवाय दूध देत नाही. गाय साधारण नऊ महिने आणि म्हैस दहा महिने गाभण राहते. व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांतच तिचे पुन्हा रेतन केले जाते, म्हणजे एका वेताचे दूध संपता संपता दुसरे वेत जवळ येते. दररोज दोन लिटर दूध घेणारे कुटुंब वर्षाला ७३० लिटर दूध वापरते. मध्यम प्रतीची म्हैस एका वेतात दीड-दोन हजार लिटर दूध देते असे धरले, तर ढोबळ मानाने अशा दोन-तीन घरांमागे एक वेत, म्हणजे एक पारडू येते. निसर्गनियमाने त्यांतील निम्मे नर असतात. ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला शेतात काम नाही. त्याला पाजलेले दूध म्हणजे थेट तोटा. मग त्याला मारावे लागत नाही. दोरी आखूड बांधली आणि सडाला तोंड लावू दिले नाही की काही दिवसांत काम होते. आईचा पान्हा आटू नये म्हणून मेलेल्या पारड्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करण्याची रीतही गोठ्यांना अपरिचित नाही.

महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली आणि मार्च २०१५ पासून बैल व वळू यांनाही तिचे संरक्षण मिळाले. म्हैस आणि रेडा त्या बंदीबाहेर आहेत. पेठांतील घरांत चहाला आणि बासुंदीला जे घट्ट दूध पसंत केले जाते, ते बहुधा म्हशीचेच असते. गणेश पेठेच्या दूधभट्टीत सणासुदीला दर चढतात तेव्हा भाकड म्हशीचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. भारत जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे (२०२३-२४ मध्ये सुमारे २३ कोटी ९३ लाख टन), आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही तो आघाडीवर आहे. या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात.

जैन समाजाने पांजरपोळ उभारून या प्रश्नाच्या एका टोकाला शतकानुशतके हात घातला आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. पुण्याचा भोसरीला आहे. भाकड आणि अपंग जनावरांसाठी चारा-पाण्याचा खर्च व्यापारी कुटुंबे मुकाट्याने उचलतात. तरीही एक विसंगती उरतेच. सकाळी दुधाची पिशवी विकत घेऊन ज्या साखळीला पैसे दिले, तिनेच टाकून दिलेल्या जनावरासाठी संध्याकाळी देणगी द्यावी लागते. दान थांबवावे असे यातून निघत नाही. जनावरे येतच राहतात, आणि कोणताही पांजरपोळ म्हशींच्या सगळ्या पारड्यांना पुरणार नाही, एवढेच.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. आजच्या गोठ्यात उभे राहून ही यादी वाचली तर ती शेकडो वर्षांपूर्वीची वाटत नाही. आईच्या दुधापासून वासराला दूर ठेवणे हा अन्नपाननिरोध नव्हे, असे म्हणण्यास बरीच कसरत करावी लागेल.

पुण्यात हा विचार संघटितपणे मांडणारी जुनी संस्था म्हणजे वानवडी येथील ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’. लेडी म्युरिएल डाउडिंग यांच्या इंग्लंडमधील चळवळीच्या प्रेरणेने १९७४ साली तिची भारतीय शाखा सुरू झाली आणि डायना रत्नागर यांनी तिचे नेतृत्व केले. नावावरून ती केवळ सौंदर्यप्रसाधनांपुरती वाटते. प्रत्यक्षात तिचे काम शोधाचे आहे. रोजच्या वापरातील वस्तू कशापासून आणि कशी बनते, हे कारखान्यापर्यंत जाऊन पाहायचे, लिहायचे आणि ग्राहकाच्या हाती द्यायचे. तिचे नियतकालिक इंग्रजीत ‘कंपॅशनेट फ्रेंड’ आणि हिंदीत ‘करुणा-मित्र’ या नावाने निघते. प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांवर भारताने २०१४ साली बंदी घातली, त्यामागे देशातील अशा अनेक संस्थांचा दीर्घ रेटा होता.

जैन घरांना या संस्थेच्या कामातील दोन विषय विशेष जवळचे आहेत. पहिला चांदीच्या वर्खाचा. मिठाईवर आणि मूर्तीच्या आंगीवर चढणारा वर्ख पारंपरिक पद्धतीत जनावराच्या आतड्यापासून केलेल्या पानांच्या चोपडीत चांदीचे तुकडे ठेवून, वरून कातड्याचे वेष्टन घालून, तासन्‌तास हातोडीने ठोकून बनतो. ही माहिती पसरली तसा अनेक संघांनी वर्ख सोडला आणि मिठाईवाल्यांनी यंत्रावर विशेष कागदात केलेला वर्ख शोधला. २०१६ साली केंद्राने वर्खाच्या निर्मितीत प्राणिजन्य साहित्य वापरण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली, तेव्हा उत्पादकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. कायदा कोठेही असो, मिठाईवाल्याला ‘हा वर्ख कशात ठोकला?’ हे विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरा विषय रेशमाचा, आणि तो अधिक अवघड. तुतीच्या रेशीमकिड्याचा कोश अखंड धाग्यासाठी आतील जीव बाहेर पडण्यापूर्वीच वाफेत किंवा उष्णतेत मारावा लागतो. पतंग कोश फोडून निघाला की शेकडो मीटरचा सलग धागा तुटतो. एका कोशातून हाती येणारे रेशीम ग्रॅमच्या छोट्या अंशात मोजावे लागते. त्यामुळे एका भरजरी शालूमागे मोजणी हजारांच्या घरात जाते. मुहपत्ती आणि पुंजणीने सूक्ष्म जीव जपणाऱ्या समाजात पूजेचे वस्त्र आणि लग्नाचा शालू मात्र रेशमाचाच ‘पवित्र’ मानला जातो. लक्ष्मी रस्त्यावर कापडाचा व्यवसाय करणाऱ्या घरांसाठी हा केवळ पोशाखाचा प्रश्न नाही. लग्नसराईतील उलाढाल त्यावर उभी असते. ‘अहिंसा रेशीम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडात पतंगाला बाहेर येऊ देतात, पण पिढ्यान्‌पिढ्या पाळीव झालेल्या त्या पतंगाला नीट उडताही येत नाही. सुती नऊवारी, महेश्वरीचे सुती प्रकार किंवा स्वच्छ सुती धोतर यांत पूजा उणी पडते, असे कोणत्या आगमात लिहिले आहे?

व्यापाराचा प्रश्न जैनांना नवा नाही. श्रावकासाठी वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य, केशवाणिज्य आहेत; रसवाणिज्यात आचार्य हेमचंद्रांनी मद्याबरोबर लोणी, चरबी आणि मधही घातले. जनावरे खच्ची करणे, डागणे हे ‘निर्लांछन’ही त्यातच आहे. म्हणजे ताटात काय यावे इतकाच विचार गल्ल्यावर काय यावे याचाही झाला होता. मार्केट यार्डातील किंवा भवानी पेठेतील घाऊक व्यापाऱ्याने ही यादी आजच्या मालाशी ताडून पाहिली, तर काही ओळींवर बोट थबकेल. गोळ्या-चॉकलेटांवरील चकाकी देणारा ९०४ क्रमांकाचा पदार्थ म्हणजे लाखच. १२० क्रमांकाचा लाल रंग किडे वाटून काढतात.

येथे हिरव्या ठिपक्याचा गैरसमज दूर केला पाहिजे. २००१ साली आलेल्या या खुणेने शाकाहारी ग्राहकाची मोठी सोय केली, आणि पुण्याच्या संस्थेचाही तिच्या पाठपुराव्यात वाटा होता. परंतु कायद्याच्या व्याख्येत दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण आणि लाख मांसाहारात धरलेले नाहीत. जैन परंपरेत महाविगईंत मोडणारे मध आणि लोणी दोन्ही हिरव्या ठिपक्याखाली येतात! कंदमुळाचा तर प्रश्नच नाही. ज्याला प्राणिजन्य काहीच नको, त्याच्यासाठी २०२२ च्या नियमांनी वेगळी खूण दिली: हिरव्या चौकटीत इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर छोटे पान.

आहार बदलताना एक गोष्ट हलक्यात घेऊ नये. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. शाकाहारी घरांत त्याची उणीव आधीच आढळते. दूध सोडल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी नियमित घ्यावी लागते. हे जीवनसत्त्व जिवाणूंच्या किण्वनातून बनते, त्यामुळे त्यात अडचण नाही. अडचण कॅप्सूलच्या वेष्टनात असते, कारण ते बहुधा जिलेटिनचे असते. औषधविक्रीचा व्यवसाय असलेल्या घरांनी वनस्पतिजन्य वेष्टनाचा पर्याय पुढे ठेवला तर ती मोठी सेवा ठरेल. ‘ड’ जीवनसत्त्वही पुष्कळदा लोकरीच्या चरबीतून काढतात.

स्वयंपाकघराला मात्र फारसे शिकवावे लागत नाही. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आमटी-भात, तेल लावलेला खाकरा, नारळाच्या दुधातील शेवया, तिळाची वडी हे सगळे तेथे आहेच. शेंगदाण्याचे दूध काढून मिरचीच्या देठांनी त्याचे दही लावता येते. शेंगदाण्यातून तेल निघत असल्याने परंपरेत ते द्विदलात धरत नाहीत, तरी अशा दह्याची मर्यादा किती, हे साधु-साध्वींना विचारून घेतलेले बरे. चहाचे मात्र अवघड जाते, हे खरेच. पुण्याचा चहा सुटत नाही. अनेक घरांत सून व्हीगन, सासऱ्यांना सकाळी दोन कप दुधाचा चहा, आणि एकाच शेगडीवर दोन पातेली, असा समझोता झालेला दिसतो. लग्नाच्या पंगतीत आता केटररला ‘जैन’बरोबर ‘दुधाशिवाय’ हेही वेगळे सांगितले जाते, आणि पहिल्यांदा गोंधळलेला केटरर दुसऱ्या वेळी स्वतःच विचारतो, किती पाने काढू?

आश्विनाची ओळी संपते, पारणे होते, आणि दुधाचा कप पुन्हा हाती येतो. काही घरांत तो दहाव्या दिवशी येत नाही. आणखी महिनाभर पाहू, असे ठरते. कापडाच्या काही दुकानांत सुती आणि बांबूच्या धाग्याच्या साड्या रेशमाच्या शेजारी, त्याच उंचीच्या फळीवर मांडल्या जातात. गिऱ्हाइकाने रेशीम मागितले तर तेही दाखवतात. विचारले, तर कोश कसा उकलतो हेही सांगतात.