गुन्हेपटातली बायको

मारधाडीचा सिनेमा म्हटला, की तो आपला नव्हे, पुरुषांचा, असं आपण धरूनच चालतो. टीव्हीवर लागला की घरातली मंडळी ठाण मांडून बसतात आणि आपण कणीक मळता मळता अधूनमधून डोकावतो. पण जरा निरखून बघा. त्यातही कुणाची ना कुणाची बायको असतेच. काय करते ती? झाकलेल्या ताटापुढे वाट बघते, नवरा रक्तबंबाळ होऊन आला की किंकाळी फोडते. बहीण असेल तर पळवली जाते, आई असेल तर देवापुढं हात जोडते. बस्स!

१९८३ चा ‘अर्धसत्य’ आठवतो ना? श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. चित्रपट उत्तम, वादच नाही. त्यात इन्स्पेक्टर अनंत वेलणकरचा बापही पोलिसातलाच. तो बायकोला मारायचा आणि लहानगा अनंत ते बघत राहायचा. पुढं अनंतच्या अंगात जो संताप धुमसतो, त्याचं एक मूळ तिथं दाखवलंय. पटतंही. पण मार खाल्ला कुणी? त्या माउलीनं. आणि कथा झाली कुणाची? मुलाची! स्मिता पाटीलची ज्योत्स्ना शिकलेली, प्राध्यापिका. ती निदान अनंतला चार प्रश्न तरी विचारते. आईच्या वाट्याला तेवढंही नाही.

योगायोग असा, की त्याच १९८३ साली दंडविधानात ४९८ अ हे कलम आलं. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा गुन्हा ठरला. (१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे, लक्षात असू द्या.) म्हणजे कायद्याला उमजलं, पण गुन्हेपटांच्या लेखी गुन्हा म्हणजे तस्करी, खंडणी, खून. घरातली मारझोड ही ‘घरातली गोष्ट’च राहिली.

मग १९९८ मध्ये ‘सत्या’ आला. त्यातला गुंड भिकू म्हात्रे बाहेर सगळ्यांवर गुरगुरतो आणि घरी आला की बायको प्यारी त्याला फैलावर घेते. शेफाली शाहचं काम मोजक्याच प्रसंगांचं, पण फिल्मफेअरचं समीक्षक पारितोषिक घेऊन गेली ती! आता वाटलं असेल, की तिला भूमिकांची रांग लागली. कसलं काय! २००५ च्या ‘वक्त’मध्ये तिला अक्षयकुमारची आई केलं. तो तिच्याहून वयानं मोठा! पडद्यावरची बायको जरा पोक्त दिसली, की थेट सासूबाईच.

त्याच शेफालीला २०१९ च्या ‘दिल्ली क्राइम’ या मालिकेत पोलीस अधिकारी म्हणून बघा. वर्तिका चतुर्वेदी तपासाची सूत्रं हलवते आणि मधूनच फोनवर मुलीची समजूत घालते. तिला ना मारामारीची हौस, ना गाणं. या मालिकेला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळालं.

आणि २०२२ चा ‘डार्लिंग्स’ मात्र चुकवू नका. दिग्दर्शिका जसमीत रीन. भायखळ्यातलं एक मुसलमान कुटुंब. इतकी वर्षं मुंबईच्या गुन्हेपटात मुसलमान दिसला की तो बहुधा ‘भाई’च असायचा, इथं तसं काही नाही. बद्रूचा नवरा हमजा रेल्वेत नोकरीला. रात्री दारू पिऊन मारतो, सकाळी गोड बोलून माफी मागतो. बद्रूला वाटतं, मूल झालं की सुधारेल. हे वाक्य आपण किती घरांत ऐकलंय! शेफालीनं इथं बद्रूच्या आईचं काम केलंय, पण ही आई देवापुढं बसून राहत नाही. लेकीला सांगते, सोड त्याला. पुढं मायलेकी मिळून नवऱ्याला घरातच बांधून ठेवतात, तो सूड मला पुरता पचला नाही. पोलिसांचा रस्ता धरला असता तर बरं, असं वाटत राहिलं. पण या सिनेमातला गुन्हेगार कुठल्या अड्ड्यावर बसलेला नाही. तो स्वयंपाकघरात, भातात खडा लागला म्हणून ताटावरून उठलेला आहे.