मोबाईलवरची मालिका आणि आपली दहावीतली मुलं

संध्याकाळची सात-साडेसातची वेळ. मोहोपाड्याच्या वस्तीतलं कुठलंही घर घ्या. बाबा पाताळगंगा एमआयडीसीत ठेकेदाराकडे सेकंड शिफ्टला. आई कामावरून येऊन गॅसपाशी. मुलगी कोपऱ्यात, कानात हेडफोन घालून. "काय करतेस गं?" "अभ्यास." पण मोबाईलवर चाललेली असते एक मालिका. त्यात शाळेतली एक मुलगी मरून गेलेली आहे आणि आपण का मेलो ते ती स्वतःच्या आवाजात सांगते आहे.

ही मालिका म्हणजे 'थर्टीन रीझन्स व्हाय'. ३१ मार्च २०१७ रोजी ती नेटफ्लिक्सवर आली. अमेरिकेतल्या हायस्कूलमधली हॅना बेकर ही मुलगी आत्महत्या करण्यापूर्वी कॅसेटी रेकॉर्ड करून ठेवते आणि तिला त्रास देणाऱ्यांपर्यंत त्या एकामागून एक पोहोचतात. तिच्याबद्दल उठवलेल्या अफवा, मुलांची छेडछाड, अत्याचार, तिचं म्हणणं नीट ऐकून न घेणारा शाळेचा समुपदेशक, हे सगळं मालिकेत खरं वाटेल असं दाखवलं आहे. म्हणून मुलांना ती आपली वाटते. सगळे भाग पाहिले नाहीत तरी अशा दृश्यांचे तुकडे रीलमधून हातात येतातच.

दुखणं खरं, औषध खोटं

मग चुकलं कुठे? मेल्यानंतर हॅनाला सगळं मिळतं. लोक तिचं ऐकतात, त्रास देणारे रडतात, तिच्यावर प्रेम करणारा मुलगा झुरतो. प्रत्यक्षात मेलेल्या माणसाला यातलं काहीच पाहायला मिळत नाही. पण पंधरा वर्षांच्या दुखावलेल्या मनाला मालिका सांगून जाते, 'गेलीस की मग कळेल सगळ्यांना.' खरा धोका इथे आहे.

मालिका आल्यानंतरच्या महिन्यात, म्हणजे एप्रिल २०१७ मध्ये, अमेरिकेत १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी जास्त झाल्याचं तिथल्या संशोधकांना आढळलं. हे मालिकेमुळेच झालं असं सिद्ध होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण जर्मनीतही १९८१ साली एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येवरची मालिका टीव्हीवर लागली, तेव्हा त्याच वयाच्या मुलांमध्ये अशा मृत्यूंची वाढ दिसली होती. नेटफ्लिक्सने अखेर जुलै २०१९ मध्ये हॅनाच्या मृत्यूचं दृश्य काढून टाकलं.

याची दुसरी बाजूही आहे. संकटातून बाहेर आलेला माणूस दाखवला, तर तोच पडदा आधार देतो. २०१९ चा 'छिछोरे' हा हिंदी चित्रपट आठवा. प्रवेश परीक्षेत नापास झालेला मुलगा टोकाचं पाऊल उचलतो आणि वाचतो. बाप त्याच्या खाटेशी बसून आपण कॉलेजात कसे हरत होतो ते सांगतो. बापाने आपली हार मुलाला सांगणं हाच तिथे उपचार ठरतो.

२८२ गुणांचा सत्कार

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, १,७६४. प्रत्येक मृत्यूमागे एकच कारण नसतं. घरची चणचण, मारहाण, प्रेमातला धक्का, मनाचा आजार अशी अनेक कारणं एकत्र येतात. त्यात निकालाची भीती असतेच.

बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. म्हणजे ३८ टक्केसुद्धा नाहीत. त्या गुणांवर त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. आज आपल्या घरात ३८ टक्क्यांना काय मिळतं? 'बाबासाहेबांनी दिव्याखाली अभ्यास केला, तुला लाईट असून जमत नाही?' असा टोमणा मारण्याआधी हे गुण आठवावेत. आणि दहावीत एखादा विषय राहिलाच, तर पुरवणी परीक्षा आहे. निकालाच्या आदल्या रात्री मुलाला हे मोठ्याने सांगा.

आपल्या मुलांचं वेगळं ओझं

आपल्या मुलांवर आणखी एक ओझं असतं. 'सवलतीवाला', 'फुकट्या' असे शब्द वर्गात ऐकून मूल गप्प घरी येतं. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. 'मन कच्चं होतं' म्हणून हे मृत्यू कुणी झटकू नये. छळ करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण त्यांच्या आठवणीचं स्टेटस ठेवताना 'मरूनच न्याय मागता येतो' असा अर्थ आपल्या घरातल्या मुलापर्यंत जात नाही ना, हे पाहा. वर्गात कुणी जातीवरून बोललं, तर मुलाला 'दुर्लक्ष कर' म्हणून गप्प करू नका. दुसऱ्या दिवशी आई-बाबांनी शाळेत जावं, गरज पडल्यास वस्तीतल्या चार माणसांना घेऊन जावं. आपल्या पाठीशी कुणी उभं आहे, हे मुलाला दिसलं पाहिजे.

घरात काय कराल?

मोबाईल हिसकावून घेऊ नका. मूल काय पाहतं ते विचारा, जमल्यास सोबत बसून पाहा. 'त्या मुलीने कुणाला सांगायला हवं होतं? तू कुणाला सांगशील?' एवढे दोन प्रश्न पुरे.

झोप उडणं किंवा दिवसभर झोपून राहणं, जेवण तुटणं, मित्र सोडणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तर बरं' असं बोलणं, यातलं काही दिसलं तर 'नाटकं करू नकोस' म्हणू नका. सरळ विचारा, 'तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस दाबून ठेवलेलं बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, मुलाला एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं आणि इजा करता येईल अशा वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि लगेच मदत घ्या.

टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलं स्वतः १०९८ वर फोन करू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारलंत तर पुढे मानसोपचार डॉक्टरांकडे कसं जायचं ते कळेल. जिवाला धोका वाटला तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून पोलीस केस होईल, या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानलं जातं आणि त्याला त्यासाठी शिक्षा होत नाही. त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

सेकंड शिफ्टहून रात्री अकरा-साडेअकराला घरी आलात, तर मूल झोपलं आहे की जागं, एवढं बघा. जागं असेल तर शेजारी बसा. पहिल्या दिवशी ते काही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशीही बसा.