टोपोशीटची पृथ्वी, जीपीएसची पृथ्वी

यवतमाळ शहर ज्या टोपोशीटवर येतं तिचा जुना क्रमांक ५५ एल/३. भारतीय सर्वेक्षण विभागाची ही शीट १:५०,००० प्रमाणाची आहे, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. तिची डावी कड बरोबर ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे. हातातल्या जीपीएसवर दिसणारे अक्षांश-रेखांश या शीटवर टिपले की ठिकाण सापडलं, असं आपण गृहीत धरतो. पण अक्षांश-रेखांशाचे आकडे म्हणजे पूर्ण पत्ता नव्हे. ते पृथ्वीच्या कोणत्या गणिती आकारावर मोजले आणि तो आकार कुठे टेकवला, हे कळल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही. या बैठकीलाच डेटम म्हणतात. जुन्या शीटचा डेटम एक आणि जीपीएसचा दुसरा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, चूक होते ती त्यांची सरमिसळ केल्यावर.

जुन्या डेटमचं यवतमाळशी नातं फार जवळचं आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्ब्टनने जे काम सुरू केलं, त्याचा कणा म्हणजे ७८ अंशांच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेलेली त्रिकोणांची साखळी. लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. तिथेच, यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, त्याची कबर आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने केलं. १८३० साली त्याने १८ अंश ३ मिनिटं ते २४ अंश ७ मिनिटं या अक्षांशांमधल्या कमानीची मोजणी प्रसिद्ध केली. यवतमाळ जिल्हा याच पट्ट्यात बसतो. एव्हरेस्टच्या नावाने ओळखला जाणारा पृथ्वीचा आकार त्या काळच्या या मोजणीतून घडला आणि मध्य प्रदेशातलं सिरोंजजवळचं कल्याणपूर त्याचा मूळ बिंदू ठरलं. हा आकार भारतीय उपखंडाच्या अंगाला नेमका बसावा म्हणून शिवलेला होता, साऱ्या जगासाठी नव्हे. त्यामुळे त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून सुमारे ८३० मीटर बाजूला पडतो. उपग्रह मात्र पृथ्वीच्या खऱ्या मध्याभोवतीच फिरतात, म्हणून जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम त्या मध्यावर बसवलेला आहे.

या फरकाचा हिशेब यवतमाळसाठी मांडला तर असं दिसतं: डब्ल्यूजीएस ८४ वर घेतलेली नोंद जशीच्या तशी जुन्या शीटवर टिपली की खूण खऱ्या जागेपासून साधारण ९० मीटर उत्तरेला आणि १४० मीटर पश्चिमेला पडते. एकूण सुमारे १६० मीटर, कागदावर तीन मिलिमीटरांहून थोडं जास्त. रानात फिरणाऱ्याला एवढ्याने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत हा प्रश्न रास्त होता, कारण तोवर अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि यंत्रच शंभरेक मीटर चुकायचं. आज साधं हातातलं यंत्रही मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटरांत नेमकं सांगतं, म्हणून डेटमची चूक आता सगळ्यांत मोठी ठरते. २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा चार हेक्टर आहे. असं शेत चौरस धरलं तर बाजू २०० मीटर. ते ९० मीटर उत्तरेला आणि १४० मीटर पश्चिमेला सरकलं तर त्याचा पाचवा हिस्साही आपल्या जागी उरत नाही. झरी जामणी किंवा मारेगावातल्या कोलाम कुटुंबाचं शेत कागदावर शेजारच्या वनकक्षात जाऊन पडलं, तर ‘तीन मिलिमीटर’ हे उत्तर त्या कुटुंबाला कसं देणार?

दुसरा आक्षेप असा की फरक ठाऊक आहे तर तो दरवेळी वजा करून टाकावा. पण हा फरक सगळीकडे सारखा नसतो. याच जिल्ह्यात पश्चिमेकडची सरक पुसदकडे थोडी कमी आणि वणीकडे थोडी जास्त भरते, दोन टोकांत वीस-पंचवीस मीटरांचा फरक पडतो. दुसऱ्या राज्यात तर हे आकडे चालतच नाहीत. यंत्राच्या सेटिंगमध्ये डेटम निवडायची सोय असते, तीच वापरावी. मात्र ‘इंडियन’ नावाचे एकाहून अधिक पर्याय असतात, त्यात बांगलादेशचा वेगळा, थायलंडचा वेगळा. आता फोनवरच सगळं दिसतं, टोपोशीट हवी कुणाला, असंही म्हटलं जातं. फोनवरचा नकाशा आणि फोनचा जीपीएस एकाच डेटमवर असतात म्हणून तिथे घोळ जाणवत नाही. पण जुन्या हद्दी, जुन्या पायवाटा आणि आटलेले नाले या जुन्या शीटवरच आहेत. ती स्कॅन करून डेटम न बदलता संगणकावर चढवली, तर तीच चूक पुढच्या प्रत्येक नकाशात उतरते आणि मग ती शोधणं आणखी कठीण होतं.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सीरिज नकाशांनी हा प्रश्न बराच सोपा केला. ते डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत आणि यूटीएम ग्रिडवर, म्हणजे पृथ्वीचे उभे विभाग पाडून प्रत्येकावर आखलेल्या चौकटींवर, मीटरांत वाचता येतात. तरी यवतमाळकरांसाठी एक मेख उरतेच. यूटीएमचे ४३ आणि ४४ हे विभाग नेमके ७८ अंशांवर एकमेकांना भिडतात. पुसद, दिग्रस, दारव्हा ४३ मध्ये येतात, तर यवतमाळ, पांढरकवडा, वणी ४४ मध्ये. दारव्ह्याहून यवतमाळला येताना ही रेषा ओलांडली की पूर्वेकडचा आकडा ८,१३,००० च्या आसपासवरून एका पावलात १,८७,००० च्या घरात येतो. वनरक्षकाने वहीत विभाग क्रमांक लिहिला नसेल तर त्याची नोंद शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडू शकते.

म्हणून रानात शिरण्याआधी शीटचा समास वाचावा. तिथे एव्हरेस्ट लिहिलंय की डब्ल्यूजीएस ८४, ते पाहून यंत्र तसं लावावं. मग नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ठळक दिसणाऱ्या जागी, म्हणजे दोन रस्त्यांच्या फाट्यावर किंवा पुलाच्या मधोमध उभं राहून, दोन-तीन मिनिटं थांबून वाचन घ्यावं आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने शीटवर टिपावं. खूण फाट्यावरच पडली तर पुढे निघायला हरकत नाही. ती तीन मिलिमीटर वायव्येला पडली, तर यंत्र अजून डब्ल्यूजीएस ८४ वरच आहे.