अर्जातलं इंग्रजी (भाग ७) : ‘टू’च्या पुढे काय?

नोकरीच्या अर्जाचं शेवटचं वाक्य बहुतेकांना पाठ असतं, आणि चूक नेमकी तिथेच होते. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ हे कानाला खटकत नाही, कारण ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं हे शाळेत मनावर ठसलेलं असतं : टू गो, टू रीड, टू हिअर. नियम खरा, पण तो एकाच ‘टू’चा.

दुसरा ‘टू’ आपल्या चतुर्थीच्या ‘ला’सारखा नामाला चिकटतो. ‘शी रोट टू हर ब्रदर’ म्हणजे तिने भावाला लिहिलं. या ‘टू’पुढे क्रियापद आणायचं, तर त्याला ‘इंग’ लावून नाम करून घ्यावं लागतं. मराठीतही आपण ‘पोहची सवय’ म्हणत नाही. आधी ‘पोहणं’ हे नाम करतो, मग ‘पोहण्याची सवय’ होते. तसंच ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’.

हा ‘टू’ कोणता, ते ओळखायला क्रियापदाच्या जागी साधं नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ चालतं, म्हणून तिथे ‘इंग’ हवा. ‘आय होप टू युअर रिप्लाय’ चालत नाही, म्हणून ‘आय होप टू हिअर’ बरोबर. ‘कमिटेड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ या तिन्हींत नामाचाच ‘टू’ आहे.

सगळ्यात जपावं ते ‘यूज्ड टू’ला. ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ म्हणजे पूर्वी मी रात्री काम करत असे. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ म्हणजे मला रात्रीच्या कामाची सवय आहे. रात्रपाळीच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याने पहिलं वाक्य लिहिलं, तर व्याकरण निर्दोष राहील आणि सांगायचं ते मात्र राहून जाईल. अशी चूक मला स्पेलिंगच्या चुकीपेक्षा गंभीर वाटते, कारण ती वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

‘काइंडली डू द नीडफुल’बद्दल थोडक्यात. हा इंग्रजांच्याच वापरातला प्रयोग. तिकडे तो मागे पडला, आपल्या कचेऱ्यांत टिकला. त्याला मी चूक म्हणणार नाही, पण त्यातून नेमकं काय करायचं ते समोरच्याला कळत नाही. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ लिहिलं. १९४८ साली निघालेल्या त्या पुस्तकाचा सारा भर वाचणाऱ्याला चटकन कळेल असं लिहिण्यावर आहे. तुम्हाला अनामत रक्कम परत हवी असेल, तर ‘प्लीज रिफंड माय डिपॉझिट’ असंच लिहा.

तुमचा अलीकडचा एखादा अर्ज काढा आणि त्यातला प्रत्येक ‘टू’ नाम ठेवून तपासा. पुढच्या आठवड्यात ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ पाहू.