वारा फिरला आणि वाडी आडवी झाली

३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. धास्ती सगळ्यांना मुंबईची होती. जबर मार बसला तो श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाली दापोलीच्या पट्ट्याला. असं का झालं, ते वाऱ्याच्या दिशेवरून उलगडतं.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं, म्हणून त्याच्या उजव्या अंगाला, श्रीवर्धनच्या बाजूला, वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीचीही भर पडली. डाव्या अंगाला तीच चाल वजा झाली. शिवाय तिकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता, त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर त्याने पाणी लोटलं नाही.

उजव्या अंगाच्या गावात वारा एका दिशेला टिकत नाही. आधी आग्नेयेकडून येतो, मग दक्षिणेकडून, शेवटी समुद्रावरून. पहिल्या झोतात मुळं सैल झालेलं झाड दुसऱ्या बाजूच्या झोतापुढे उभं राहत नाही. केंद्र थेट ज्या गावावरून जातं तिथे तर मध्येच वारा पडतो. संपलं असं वाटून माणसं छप्पर बघायला बाहेर येतात, आणि थोड्याच वेळात उलट दिशेचा वारा सुटतो. वादळातली सगळ्यात घातकी वेळ हीच.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. इथल्या वाड्या, म्हणजे बागा, पोफळी-माडांच्या. पोफळीचं खोड सडपातळ आणि उंच, झावळ्यांचा सगळा भार शेंड्याला. वारा शेंडा ओढतो आणि खोड मोडतं. त्यात लावणी दाट, एक पडली की शेजारचीलाही घेऊन जाते. माड जास्त वाकून सावरतो, तरी तोही पुष्कळ ठिकाणी उन्मळला. छपराची गत वेगळी. वरून वेगाने जाणारा वारा पत्रा वर खेचतो. दार उघडं पडलं तर आत घुसलेला वारा खालून रेटतो, आणि पत्रे, कौलं उडतात. तेही पाऊस तोंडावर असताना.

हवामान खात्याचा इशारा वेळेत आला, लोकांना आधीच हलवलं गेलं, म्हणून असंख्य जीव वाचले. वाडी मात्र हलवता येत नाही. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. कोवळ्या रोपाला सावली हवी, आणि सावली देणारी झाडंच गेली. मग आधी केळी लावायची, तिच्या आडोशाला पोफळीचं रोप. मिरीच्या वेलाला चढायला खोड मिळेपर्यंत आणखी काही पावसाळे जातात.

मदतीचा हिशेब सुरुवातीला हेक्टरी झाला. इथल्या वाड्या गुंठ्यांच्या, आणि एकेका गुंठ्यात डझनावारी झाडं. ओरड झाल्यावर झाडागणिक मदत मान्य झाली. ती पहिल्या दिवसापासूनच तशी मिळायला हवी होती.