गोल्फ क्लबच्या पाच चकरा

नाशिकच्या गोल्फ क्लबवर गोल्फ सोडून बाकी सगळे चालते. रणजीचे सामने होतात, पुढाऱ्यांच्या सभा गाजतात, मुंबईकडे निघालेले शेतकरी इथे गोळा होतात, भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे घाम गाळतात आणि रोज उजाडायच्या आत शहरातली निवृत्त मंडळी चकरा मारायला हजर असतात. चेंडू दिसतो तो क्रिकेटचा. गोल्फची काठी इथे रोज येणाऱ्या माणसाने पाहिली असलीच तर टीव्हीवर.

कागदोपत्री हे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. त्र्यंबक नाक्याजवळ, जिल्हा रुग्णालयासमोर. लागूनच ईदगाह मैदान, थोडे पुढे शासकीय विश्रामगृह. जुन्या सीबीएस बसस्थानकावरून रमतगमत निघालात तरी पायी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचाल. सभेच्या फलकावर आणि बातमीत कान्हेरे मैदान असते. रिक्षात बसल्यावर मात्र ‘गोल्फ क्लब’ एवढेच सांगायचे. रिक्षावाल्याला दुसरे नाव माहीत नसते असे नाही, पण तेवढे बोलायला वेळ कोणाला आहे?

हे नाव हवेतून आलेले नाही. इंग्रजी अमदानीत नाशिकच्या गोल्फचा चांगलाच बोलबाला होता. रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब एवढे भारदस्त नाव असलेली संस्था मुंबईत किंवा पुण्यात असेल असे वाटते, पण ती होती नाशकात. हिंदुस्थानात गोल्फ आला तो कलकत्त्याला, १८२९ साली. मुंबईत १८४२ मध्ये. मुंबईच्या घामट हवेला कंटाळलेला साहेब जीआयपी रेल्वेने कसारा घाट चढून वर आला की त्याला सुमारे ६०० मीटर उंचीवरची कोरडी हवा मिळायची आणि चेंडू कितीही लांब हाणला तरी कोणाच्या अंगणात जाणार नाही असा माळ मिळायचा. नाशिक रोड स्टेशनवरून गावात यायला पुढे घोड्यांची ट्रामही झाली. सुट्टीचे दोन दिवस खेळून परत जायला याहून सोयीचे ठिकाण नव्हते.

त्या काळच्या देशी गोल्फचे एक गमतीचे अंग होते. विलायतेत होलच्या भोवती गालिच्यासारखे गवत असते, त्याला ग्रीन म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात ते जगवायला पाणी कुठून आणायचे? म्हणून अनेक छावण्यांतल्या मैदानांवर वाळूत तेल कालवून ती दाबून सपाट करत, आणि त्या मातकट चकतीला साहेबाने नाव दिले ब्राऊन. पिशवी वाहणारा पोऱ्या म्हणजे कॅडी. चेंडू कुठे पडतो ते पाहायला पुढे पळणाऱ्या पोऱ्याला मात्र साहेब हिंदुस्थानीतच ‘आगेवाला’ म्हणायचे. हा शब्द देशातल्या गोल्फ क्लबांवर अजून चालतो. खेळ साहेबाचा, पळायचे आपल्या पोरांनी.

गोल्फच्या पूर्ण १८ होलच्या मैदानाला सव्वाशे-दीडशे एकर लागतात. आज कान्हेरे मैदानाला चकर मारताना ही जागा केवढी आहे ते सहज नजरेत मावते, तेव्हा साहेबाचा माळ याहून कितीतरी मोठा असणार हे उघड आहे. शहर वाढले, रस्ते आले, रुग्णालय आले, वसाहती आल्या. गोल्फ गेला, नाव राहिले.

आणि मग त्या नावावर दुसरे नाव आले. नाशिकचा कलेक्टर आर्थर जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणायचे. पण बाबाराव सावरकरांवरचा राजद्रोहाचा खटला त्याच्याच कारकिर्दीतला. बाबारावांना जन्मठेपेवर काळ्या पाण्याला धाडण्यात आले. जॅक्सनची नाशकातून बदली झाली, निरोपाचे समारंभ सुरू झाले आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठरला. किर्लोस्कर मंडळींचे नाटक आणि साहेब पाहुणा. तिथे अवघ्या सतरा-अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. अनंत मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, शिकायला औरंगाबादला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला आणि त्याचे साथीदार कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना फाशी झाली. ज्यांनी इथे गोल्फ आणला त्यांच्याच कलेक्टरवर गोळी झाडणाऱ्या मुलाचे नाव आज या जागेला आहे. इतिहासाचा हिशेब इतका रोखठोक चुकता झालेल्या जागा महाराष्ट्रात फार नसतील. नातवाला बोटाला धरून आणणाऱ्या आजोबांनी एखादी चकर ही गोष्ट सांगण्यात घालवायला हरकत नाही.

आता सकाळकडे येऊ, कारण मैदानाचे खरे मालक सकाळी भेटतात. मैदानाच्या कडेने जॉगिंग ट्रॅक आहे. थंडीत इथे अंधारातच कानटोप्या फिरू लागतात. नाशिकची थंडी म्हणजे गंमत नव्हे, निफाडचा पारा खाली गेला की त्याची झुळूक इथेही लागते. या कानटोप्यांखाली शहराच्या नोकरीचा अख्खा इतिहास असतो. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा आणि तिकिटे छापलेले, ओझरच्या एचएएलमध्ये मिग विमानांना हात लावलेले, मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतून धरणांचे नकाशे काढलेले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या केलेले, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले, झेडपीतले, शाळांतले. आयुष्यभर भोंग्यावर उठलेला माणूस निवृत्त झाला म्हणून सात वाजेपर्यंत झोपून राहत नाही. त्याला कुठेतरी हजेरी लावायचीच असते. ती तो इथे लावतो.

हजेरी म्हणतो ती अगदी शब्दशः. ठरलेल्या वळणावर ठरलेला गट ठरलेल्या वेळी भेटतो. चार दिवस कोणी दिसले नाही तर पाचव्या दिवशी फोन जातो. “काय नाना, आज किती?” “चार झाल्या, पाचवी चालू.” मोजायचे एकक किलोमीटर नाही, चकर. डॉक्टरांनी पाऊण तास सांगितलेला असतो, त्याचे भाषांतर ज्याने त्याने आपल्या गुडघ्याप्रमाणे चकरांत करून घेतलेले असते. बायकांचे गट वेगळे, चाल बहुतेकदा पुरुषांपेक्षा झपझप आणि विषय जास्त कामाचे. पुरुष पेन्शनचा फरक, महागाई भत्ता आणि आदल्या दिवशीची मॅच यांतून बाहेर येत नाहीत. एका कोपऱ्यात टाळ्या वाजवत मोठमोठ्याने हसणारे लोक उभे राहिले की नवख्याला वाटते काहीतरी विनोद झाला. तो हास्यक्लब असतो. ही टूम १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी काढली आणि ती जगभर गेली. चकरा संपल्या की गाडीवर कारल्याचा, दुधीचा, आवळ्याचा रस मिळतो. कडू तोंड करून तो प्यायचा आणि मग रविवार असेल तर तर्रीदार मिसळीकडे गाडी वळवायची. रसाने कमावलेले पुण्य तर्रीत बुडवायचे, हा नाशिकचा आपला रिवाज आहे.

आमचे निवृत्त गोल्फ न खेळताच गोल्फ क्लबवर येतात; जगात निवृत्त लोकांसाठी गोल्फ हाच मोठा धंदा झाला तो अमेरिकेत. अॅरिझोनात फिनिक्सजवळ डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ ही वसाहत खुली केली. नमुन्याची पाच घरे, करमणूक केंद्र, दुकाने आणि गोल्फचे मैदान. म्हातारपण म्हणजे खुर्चीत बसणे नव्हे, हे त्याने विकले आणि ते धो धो खपले. पुढे फ्लोरिडात ‘द व्हिलेजेस’ नावाचे निवृत्तांचे गावच उभे राहिले. तिथे लोक किराणा आणायलाही गोल्फच्या गाडीतून जातात. अशा वसाहतींचा लाडका प्रकार म्हणजे छोटा, ‘एक्झिक्युटिव्ह’ गोल्फ कोर्स. दुपारच्या दोन तासांत खेळ उरकून कचेरीत परतता यावे म्हणून साहेबलोकांसाठी निघालेला हा प्रकार, पण तो मानवला निवृत्तांना. मोठ्या मैदानावर पायी फिरायचे तर आठ-दहा किलोमीटर आणि चार तास. छोट्या कोर्सवर बहुतेक होल तीन फटक्यांची, लांबी कमी, नऊ होलचा खेळ दीड-दोन तासांत उरकतो. गुडघे, कंबर आणि दुपारची झोप, तिन्ही सांभाळली जातात.

आमच्या मैदानावर हे ऐकीव नाही. अमेरिकेत मुला-मुलींकडे सहा-सहा महिने राहून आलेले बरेच जण इथे चालतात. त्यातल्या एका काकांनी फ्लोरिडात व्याह्यांच्या शेजाऱ्याच्या आग्रहाने नऊ होलचा हा छोटा खेळ एकदा खेळून पाहिला. “तीन फटक्यांचं होल होतं, माझे अकरा झाले. चौथा तळ्यात गेला, सहावा वाळूत. शेजारी आपला दर वेळी ‘नाइस ट्राय’ म्हणतोय. मी म्हटलं, बाबा रे, शिव्या दे पण हे बंद कर.” होलचा व्यास सव्वाचार इंच असतो, हे काका बोटांनी दाखवतात आणि मग पुढची अर्धी चकर त्यावर जाते. ऐकणाऱ्यांत एचएएलचे दोघे असले की चर्चा चेंडूच्या कोनावर आणि वाऱ्यावर घसरते आणि काकांची फजिती तांत्रिक बाब होऊन बसते.

नाशकात छोटा गोल्फ कोर्स व्हावा का? मला विचाराल तर या मैदानावर तरी नको. ज्याला खेळायचाच आहे त्याच्यासाठी खारघरला सिडकोने सर्वांना खुले असे गोल्फचे मैदान केले आहे; चेंबूरचा प्रेसिडेन्सी क्लब १९२७ पासूनचा आणि येरवड्याचे पूना क्लबचे मैदानही जुने, पण ती सभासदांची. गोल्फला पाणी लागते, कुंपण लागते आणि कुंपणाच्या आत कोण याची यादी लागते. कान्हेरे मैदानाची सगळी श्रीमंती अशी यादी नसण्यात आहे. प्रेसचा छपाई कामगार आणि त्याचा वर्क्स मॅनेजर इथे एकाच ट्रॅकवर असतात आणि मॅनेजरच मागे पडतो.

क्रिकेटवाल्यांनीही मैदानाचे भले केले आहे. जिल्हा क्रिकेट संघटनेने इथली खेळपट्टी राखली, म्हणून महाराष्ट्राचे रणजी सामने नाशिकला मिळतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा सामना इथेच झाला. फिरकीपटू सत्यजित बच्छाव हा नाशिकचाच. त्याच्यासाठी लोक कचेरीला दांडी मारून येतात आणि निवृत्तांना तर दांडीचीही गरज नसते. चार दिवसांचा सामना पाहायला वेळ असलेला प्रेक्षक आता कोणत्या शहरात उरला आहे? नाशकात तो सकाळच्या चकरा आटोपून, घरी आंघोळ-नाश्ता करून, टोपी घालून परत येतो.

सभांचे मात्र वेगळे. लोकशाहीत मैदान सभेला मिळाले पाहिजे, यात वाद नाही. २०२१ च्या २३ जानेवारीला दिल्लीच्या शेतकरी आंदोलनाला पाठिंबा द्यायला राज्यभरातून आलेले शेतकरी याच मैदानावर जमले आणि इथून वाहनांनी मुंबईकडे निघाले. तीन वर्षांनी त्याच तारखेला उद्धव ठाकरे यांची सभा इथे झाली. अशा दिवसांनी मैदानाचा मान वाढतो. त्रास दुसऱ्या दिवशी होतो. मांडव उतरतो, पण खांबांसाठी खणलेले खड्डे तसेच राहतात, खिळे मातीत राहतात, पाण्याच्या बाटल्यांचा खच पडतो. गोल्फच्या मैदानावर १८ होल असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. मांडववाल्यांची होल कोणी मोजत नाही. सत्तरीतल्या माणसाचा पाय अंधारात अशा एका खड्ड्यात मुरगळला तर त्याचे चालणे सहा महिने बंद होते आणि त्या वयात सहा महिने बंद म्हणजे बहुतेकदा कायमचे बंद.

तेव्हा महापालिकेला विनंती एवढीच की मैदान भाड्याने देताना अनामत घ्यावी आणि शेवटचा खड्डा बुजवून, माती दाबून, खिळे वेचून झाल्याशिवाय ती परत करू नये. पाहणीला सकाळच्या गटांतले दोन ज्येष्ठ सोबत घ्यावेत. कामाचा दर्जा तपासण्यात त्यांची उभी हयात गेली आहे आणि मानधन ते मागणार नाहीत.

बाहेरगावाहून नाशकात आलात आणि पहाटे जाग आली तर त्र्यंबक नाक्यावर उतरून गोल्फ क्लब विचारा. चालायला तिकीट नाही. बूट साधे चालतील, थंडीत कानटोपी मात्र असू द्या, आणि ट्रॅकवर गर्दी ज्या दिशेने चालते त्याच दिशेने चाला. उलटे चालणाऱ्याला इथले काका थांबवून सांगतात.