डिस्क शाबूत, डेटा गायब

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या महासंगणकावरून तब्बल ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, १४ संशोधन गटांच्या. यात डिस्कचा काहीच दोष नव्हता. जुन्या लॉग फायली साफ करणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती चढवली गेली आणि तिने संशोधकांच्या फायलींवरच झाडू फिरवला. चार गटांचा डेटा परत मिळालाच नाही.

‘आमच्याकडे रेड आहे, बॅकअप कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

रेडची कल्पना १९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा ताफा वापरायचा आणि त्यातली एखादी गेली तरी काम अडू द्यायचं नाही. युक्ती मोठी सुरेख आहे. समजा तीन डिस्कवर १, ०, १ आहे. चौथीवर असा आकडा लिहायचा, की एकांची संख्या सम राहील. म्हणजे इथे ०. दुसरी डिस्क गेली, तर उरलेल्या १, १, ० मध्ये एक दोनदाच येतो, म्हणजे हरवलेला आकडा ० असणार. यालाच पॅरिटी म्हणतात. (रेडच्या ‘रेड ५’ या प्रकारात ती सगळ्या डिस्कवर विखुरलेली असते, पण हिशेब हाच.)

खरी कसोटी नवी डिस्क बसवल्यावर लागते. गेलेला डेटा पुन्हा रचायला उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्क असतील तर त्यात तासन् तास जातात, आणि त्या डिस्क बहुधा एकाच वयाच्या, एकाच बॅचच्या असतात, म्हणजे तेवढ्यात दुसरीही जाऊ शकते. अनेक साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १२.५ टेराबाइट वाचताना एखादी चूक होऊ शकते, असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा याहून चांगल्या निघतात. तरीही मोठ्या डिस्कसाठी दोन डिस्क गेल्या तरी तगणारं रेड ६ घेणंच शहाणपणाचं.

पण फाइल पुसण्याचा हुकूम रेड तितक्याच इमानाने पाळतं. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेल्या फायलीही ते जिवापाड जपतं. आणि मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गमधल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला लागली तशी आग लागली, तर अख्खा ताफाच जळतो.

तेव्हा रेड जरूर वापरा, पण एक प्रत दुसऱ्या इमारतीत, एरवी संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा. आणि अधूनमधून तिच्यातली एखादी फाइल परत आणून, उघडून बघा.